टॉडमॉर्डनचे युनिटेरियन चर्च : मुद्दाम वाट वाकडी करून पाहावी अशी वास्तू

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकातून लीड्सच्या दिशेने निघालेली गाडी रोचडेल मागे टाकून पेनाइन डोंगरांत शिरते, एका लांबलचक बोगद्यातून बाहेर पडते आणि अर्ध्या तासाच्या आसपास टॉडमॉर्डनला येऊन थांबते. दोन्ही बाजूंना उभे चढ असलेल्या अरुंद खोऱ्यात नदी, कालवा, रस्ता आणि रेल्वे एकमेकांना खेटून चालतात आणि उरलेल्या जागेत गाव दाटीवाटीने बसलेले आहे. या गावाच्या छपरांवरून डोके काढलेले जवळजवळ 60 मीटर उंचीचे एक काळसर दगडी शिखर दिसते. ते गावातल्या मुख्य चर्चचे असावे, असा कोणाही नवख्याचा समज होईल, आणि माझाही झाला होता. प्रत्यक्षात ते शिखर राजमान्य चर्चचे नाही. इंग्लंडच्या कायद्याने ज्यांची श्रद्धाच 1813 पर्यंत गुन्हा मानली होती, त्या युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाच्या मंदिराचे ते शिखर आहे.

हनी होल रोडवरची ही वास्तू 1865 ते 1869 या काळात उभी राहिली आणि 1987 मध्ये तिथली नियमित उपासना बंद पडली. आता ती केवळ वास्तू म्हणून जपलेली आहे. इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के इमारतींना मिळणारा पहिल्या श्रेणीचा दर्जा तिला आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये लीड्सला राहणाऱ्या मुलीकडे गेलो असताना आम्ही दोघांनी तिथे एक पूर्ण दुपार घालवली. इंग्लंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत हे नाव सहसा नसते आणि ते असायला हवे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ही वास्तू समजून घ्यायची तर तिच्या मागचा तंटा आधी समजून घ्यावा लागतो. 1662 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये उपासनेचा एकच राजमान्य विधी सक्तीचा केला आणि तो न मानणाऱ्या सुमारे 2000 धर्मोपदेशकांना आपापली जागा सोडावी लागली. त्यांच्या आणि त्यांच्यानंतर वेगळ्या झालेल्या पंथांना मिळून नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणतात. 1689 मध्ये त्यांतल्या बहुतेकांना स्वतःची प्रार्थनागृहे बांधण्याची मुभा मिळाली, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही ख्रिस्ती त्रिमूर्ती नाकारून ईश्वर एकच आहे असे मानणाऱ्या युनिटेरियनांना ती मुभा नव्हती. सरकारी पदांची दारे 1828 पर्यंत कायद्याने बंद होती, आणि ज्या चर्चमध्ये आपण पाऊलही टाकत नाही त्याच्या देखभालीसाठी सक्तीने भरावा लागणारा कर 1868 मध्ये, म्हणजे टॉडमॉर्डनचे हे बांधकाम चालू असताना, रद्द झाला. अशा लोकांची जुनी प्रार्थनागृहे साधी असत. चार भिंती, मोठ्या खिडक्या, तीन बाजूंनी माडी आणि मधोमध उंच प्रवचनपीठ, म्हणजे बोलणारा सर्वांना दिसावा आणि त्याचा शब्द सर्वांना ऐकू यावा. आपल्याकडची कीर्तनाची जागा ज्या हेतूने आखलेली असते, त्याच हेतूने ती आखलेली असत.

टॉडमॉर्डनच्या युनिटेरियनांचे 1824 मधले पहिले चॅपेल याच परंपरेतले होते. ते कर्जात बुडाले तेव्हा गावातले गिरणीमालक जॉन फील्डन यांनी तो भार उचलला. फील्डन हे या साऱ्या गोष्टीतले मूळ पुरुष. दहा वर्षांचे असतानाच वडिलांच्या गिरणीत कामाला लागलेला हा माणूस पुढे ओल्डहॅमचा खासदार झाला आणि गिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचा कामाचा दिवस दहा तासांवर आणणारा 1847 चा कायदा त्यांनीच संसदेत पार पाडला. स्वतः गिरणीमालक असून त्यांनी हे केले, हे विसरू नये. 1849 मध्ये ते वारले आणि जुन्या चॅपेलच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यानंतर सोळा वर्षांनी सॅम्युअल, जॉन आणि जोशुआ या त्यांच्या तिन्ही मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ नवे चर्च बांधायला घेतले आणि साधेपणाची ती परंपरा बाजूला ठेवून थेट टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीचे, मनोऱ्याचे आणि शिखराचे चर्च बांधले.

वास्तुविशारद होते जॉन गिब्सन. लंडनच्या संसदभवनाचे वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्या हाताखाली ते तयार झाले होते आणि वेल्समधल्या बोडेलविडन येथे त्यांनी नुकतेच एक चर्च पूर्ण केले होते, ज्याच्या आत इतके प्रकारचे संगमरवर वापरले आहेत की लोक त्याला संगमरवरी चर्च म्हणूनच ओळखतात. फील्डन बंधूंना कोणत्या तोलामोलाची वास्तू हवी होती, हे या निवडीवरूनच कळते.

रस्त्यावरून चढून आवारात गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो दगड. हा पेनाइनमधला भरड वालुकाश्म आहे, ज्यापासून पूर्वी जात्याचे दगड घडवत. चुनखडीचा दगड पावसाने धुऊन निघतो, पण हा दगड गिरण्यांच्या धुराड्यांतली काजळी पोटात घेतो आणि सोडत नाही. त्यामुळे धुराडी थंड होऊन कित्येक वर्षे उलटली तरी भिंती काळ्याच आहेत, आणि दुरुस्तीत नवा दगड जिथे बसवला आहे तिथे मधाच्या रंगाचा तुकडा उठून दिसतो. आम्ही प्रवेशद्वाराजवळच्या एका आधारभिंतीवर हात ठेवून पाहिला. लांबून गुळगुळीत वाटणाऱ्या दगडावर टाकीच्या तिरप्या, समांतर रेघा आहेत, प्रत्येक दगडावर वेगळ्या कलाने मारलेल्या, आणि त्या रेघांच्या खाचांत काजळी अधिक दाट बसली आहे. कोकणातल्या जांभ्यावर तासणीचे जसे वळ दिसतात तसेच हे वळ आहेत. पाथरवटाचा हात कुठे थांबला आणि कुठून पुन्हा सुरू झाला, हे दीडशे वर्षांनंतर बोटाने ओळखता येते.

शिखर हा या इमारतीचा सर्वांत उत्तम भाग आहे. चौकोनी मनोऱ्यावरून अष्टकोनी शिखरावर जाताना जो सांधा येतो, तिथे सामान्य वास्तुविशारदाची गडबड होते आणि शिखर टोपीसारखे वर ठेवलेले वाटते. गिब्सन यांनी तो सांधा असा बांधला आहे की नजर न अडखळता टोकापर्यंत जाते. त्यातही त्यांनी जागेचा पुरेपूर उपयोग केला आहे. खोऱ्याच्या तळाशी हे शिखर बांधले असते तर डोंगराच्या पार्श्वभूमीत हरवले असते. चढावर बांधल्यामुळे ते गावातून पाहणाऱ्याला आकाशात दिसते. नॉनकन्फॉर्मिस्टांना शेकडो वर्षे जे मिळाले नव्हते ते नेमके हेच होते, म्हणजे दुरून दिसण्याचा हक्क. मागच्या गल्लीत, घरासारख्या दिसणाऱ्या इमारतीत प्रार्थना करण्याचे दिवस संपले, हे फील्डन बंधूंना साऱ्या खोऱ्याला सांगायचे होते आणि या दगडात ते स्वच्छ ऐकू येते.

आत गेल्यावर माझे मत इतके एकमार्गी राहिले नाही. उंच मध्यदालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकदार कमानी, त्यांच्या पलीकडे बाजूची दालने, ओकच्या लाकडाचे बाक आणि सगळ्यात शेवटी वेदीसाठी असतो तसा खोल गाभारा. कारागिरी कुठेही हात आखडता न घेता केलेली आहे. लाकूडकाम, संगमरवर, कोरीव काम यांत एकही कोपरा असा सापडला नाही की इथे पैसे वाचवले असे म्हणावे. परंतु हा आराखडा मुळात मध्ययुगीन कॅथलिक उपासनेसाठी तयार झालेला आहे, जिथे पुजारी वेदीपाशी विधी करतो आणि भक्त दुरून पाहतात. युनिटेरियन उपासनेत असा विधीच नाही. तिथे प्रवचन मुख्य, विचार मुख्य. मग एवढा खोल गाभारा कशासाठी, हा प्रश्न मला आत असेपर्यंत सोडून गेला नाही.

आम्ही एक छोटा प्रयोग करून पाहिला. मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि मी पुढे उभा राहून नेहमीच्या आवाजात तुकोबांचा एक अभंग म्हटला. आवाज भिंतींना लागून फार सुंदर घुमला, पण ती तिथूनच म्हणाली, “बाबा, आवाज येतोय, शब्द लागत नाहीत.” मग मी एकेक शब्द सुटा करून सावकाश म्हटला, तेव्हा तिला अर्थ लागला. गाण्यासाठी ही जागा उत्तम आहे. प्रवचनासाठी 1824 च्या साध्या चॅपेलचा आराखडाच अधिक योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. फील्डन बंधूंनी प्रतिष्ठा मिळवली, पण त्यासाठी आपल्या पंथाने स्वतः घडवलेली एक शहाणी वास्तुरचना सोडून दिली. हे केवळ त्यांनीच केले असे नाही. ज्या बॅरींच्या हाताखाली गिब्सन शिकले, त्यांनीच 1837 ते 1839 या काळात मँचेस्टरच्या अप्पर ब्रुक स्ट्रीटवर युनिटेरियनांसाठी गॉथिक चॅपेल बांधले होते, आणि 1848 मध्ये पुरे झालेल्या गी क्रॉसच्या हाइड चॅपेलमध्ये गाभाऱ्यासह संपूर्ण गॉथिक आराखडा आला होता. टॉडमॉर्डनने ती वाट शेवटच्या टोकापर्यंत नेली.

रंगीत काचांसाठी मात्र मी पुन्हा एकदा इतका प्रवास करीन. त्या ब्रसेल्सच्या जाँ-बाप्टिस्ट काप्रोनिए यांनी केलेल्या आहेत. त्या काळातल्या इंग्रजी कारागिरांची धाटणी मध्ययुगीन असे, म्हणजे रंगाचे लहान लहान तुकडे शिशाच्या जाड पट्ट्यांनी जोडून जणू काचेची गोधडी शिवायची. काप्रोनिए यांची दृष्टी चित्रकाराची आहे. ते काचेवर रंगवतात, वस्त्रांच्या चुण्यांना छाया देतात, आकृत्यांच्या मागे खोली निर्माण करतात. गॉथिक शुद्धतेचे अभिमानी या शैलीला नावे ठेवत आले आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. दुपारी ऊन आले तेव्हा खिडकीतला निळा आणि लाल रंग ओकच्या बाकाच्या कडेवर उतरला आणि ढग सरकला तसा लाकडावरून हळूहळू ओघळत फरशीवर गेला. आम्ही दोघे तो रंग जाईपर्यंत तिथे बसून राहिलो.

या वास्तूचा आणि आपला संबंध आहे का? आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. फील्डन कुटुंबाचे सारे वैभव कापसाचे होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा मुंबई बंदरातून पश्चिम भारतातला आखूड धाग्याचा कापूस जहाजे भरभरून इकडे आला. तो इथे सुरत या नावाने ओळखला जाई आणि सारखा तुटणाऱ्या त्याच्या धाग्याने इथले कामगार हैराण होत. तिकडे मुंबईत याच कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला, शेअरांचे वेड लागले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. त्याच वर्षी टॉडमॉर्डनच्या या चर्चचे बांधकाम सुरू झाले. कापसाच्या त्याच तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबईच्या राजाबाई टॉवरची पायाभरणी 1869 मध्ये झाली, म्हणजे हे चर्च पूर्ण झाले त्याच वर्षी. एक मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा, दुसरा पेनाइनच्या काळ्या दगडाचा. दोन्ही गॉथिक आणि दोन्ही कापसाचे. मुंबईत वाढलेल्या माणसाला टॉडमॉर्डनच्या टोकदार कमानींखाली परकेपणा वाटत नाही, त्याचे कारण मला तिथे उभे असताना समजले.

दुसरा धागा विचाराचा आहे. 1866 मध्ये मुंबईला येऊन स्त्रीशिक्षणासाठी खटपट करणाऱ्या मेरी कार्पेंटर याच युनिटेरियन पंथाच्या होत्या. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि एकेश्वरी उपासनेच्या त्या चळवळीचे युनिटेरियनांशी स्नेहाचे नाते राहिले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजमध्ये तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले होते, आणि तिथून परत आल्यावर 1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे आपले मोठे कार्य उभे केले. गिरगावातल्या प्रार्थना समाजाचा साधा, मूर्तिविरहित सभामंडप ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी टॉडमॉर्डनमध्ये उभे राहून त्याची आठवण करावी. श्रद्धा जवळजवळ तीच असताना दोन समाजांनी किती वेगळी घरे बांधली, हे पाहण्यासारखे आहे.

चर्च बंद का पडले, याचे उत्तरही इमारतीच्या आकारातच आहे. एका गिरणीमालक घराण्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या वास्तूला ते घराणे पांगल्यावर आणि गिरण्या बंद झाल्यावर कोण सांभाळणार? 1987 नंतरची काही वर्षे तिला वाली नव्हता, आणि पडीक इमारतीची जी दशा होते ती तिचीही झाली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. राजमान्य चर्चच्या ओस पडलेल्या इमारतींसाठी 1969 पासूनच सरकारी मदतीवर चालणारी व्यवस्था होती, पण नॉनकन्फॉर्मिस्टांच्या इमारतींसाठी तशी खास संस्था, हिस्टॉरिक चॅपल्स ट्रस्ट, स्थापन व्हायला 1993 उजाडले. त्या संस्थेने 1994 मध्ये टॉडमॉर्डन ताब्यात घेऊन मोठ्या कष्टाने त्याची दुरुस्ती केली. आज आत ओल आणि पडझड यांचे जे काही थोडे डाग दिसतात त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी, हे छप्पर शाबूत आहे हेच केवढे काम आहे, याचा विचार व्हावा. हॅलिफॅक्सचे स्क्वेअर काँग्रिगेशनल चर्च 1857 चे, याहूनही उंच शिखराचे. आगीनंतर त्याचे शिखरच तेवढे उरले आणि आता ते नव्या ग्रंथालयाला जोडून उभे आहे. मँचेस्टरच्या ज्या अप्पर ब्रुक स्ट्रीट चॅपेलचा उल्लेख वर केला, त्याचे छप्पर गेले आणि पुढे त्यात विद्यार्थ्यांची निवासस्थाने झाली. टॉडमॉर्डनमध्ये बाक, काचा, गाभारा आणि शिखर एकत्र, आपापल्या जागी पाहायला मिळतात.

चर्च पाहून झाल्यावर खाली गावातली नगरपालिकेची इमारत पाहिल्याशिवाय परतू नये, कारण तिचे वास्तुविशारदही गिब्सनच आणि आश्रयदातेही फील्डनच. 1875 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत ग्रीक-रोमन मंदिराच्या धाटणीची आहे. पूर्वी लँकेशायर आणि यॉर्कशायर यांची हद्द नेमकी तिच्या पोटातून जात असे, म्हणून दर्शनी त्रिकोणावरच्या शिल्पात एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला शेती व लोखंड कोरले आहे. डोंगरावरचा डोब्रॉइड किल्ला, म्हणजे धाकट्या जॉन फील्डन यांचे राहते घर, तोही गिब्सन यांनी चर्चच्याच काळात बांधला. कारभारासाठी रोमन मंदिर, राहण्यासाठी किल्ला, प्रार्थनेसाठी गॉथिक चर्च अशी एकाच हाताची तीन रूपे एका छोट्या गावात पाहिली की गिब्सन यांच्या हुकमतीबद्दल आदर वाटतो. त्यांत चर्च मला सर्वांत सरस वाटले.

भेटीबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. हे चर्च रोज उघडे असेल असे धरून जाऊ नये, आधी चौकशी करावी. सप्टेंबरमध्ये इंग्लंडभर वारसा-वास्तू विनामूल्य खुल्या ठेवण्याचा जो उपक्रम असतो, तो काळ अशा भेटींसाठी सर्वांत सोयीचा. स्थानकापासून पायी जाता येते, पण शेवटचा चढ वयस्कर माणसांना जाणवेल, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावे. दगडी इमारत आतून बाहेरच्यापेक्षा थंड असते, म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर जवळ हवा. खिडक्यांचे वरचे भाग आणि शिखरावरचे कोरीव काम साध्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, यासाठी लहानशी दुर्बीण न्यावी. गर्दीची, दुकानांची, खाण्यापिण्याची अपेक्षा असणाऱ्यांनी दुसरीकडे जावे. ज्यांना दगड, लाकूड आणि काच यांच्यात रमायला आवडते त्यांनी निदान दोन तास राखून ठेवावेत आणि शक्यतो दुपारचे ठेवावेत, कारण त्या निळ्या-लाल रंगाला बाकांवर उतरायला ऊन लागते.